शिफारसपत्र मागताना

नोव्हेंबर लागला, भातकापणी आटोपत आली आणि तुळशीच्या लग्नाची गडबड संपली, की आमच्या महाविद्यालयातल्या स्टाफरूमच्या दाराशी शेवटच्या वर्षाची काही मुले रेंगाळताना दिसू लागतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही हवी असेल तर हीच मुले न घाबरता आत येतात, टेबलावर जर्नल ठेवतात आणि पान उघडून देतात. शिफारसपत्र हवे असले की मात्र त्यांची पावले उंबरठ्यावर थांबतात. कोणी मैत्रिणीला बरोबर आणते, कोणी वर्गातल्या एखाद्या धीट मुलाला पुढे करते, कोणी "मॅडम, एक काम होतं" एवढेच म्हणून जमिनीकडे पाहत राहते आणि पुढचे वाक्य मलाच पुरे करावे लागते. सिंधुदुर्गातल्या या महाविद्यालयात मी बरीच वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवते आहे. आमच्या मुलांना गुण मिळवता येतात. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. पण गुणपत्रिकेच्या पुढे जाऊन, आपल्याविषयी कोणाला तरी चार शब्द लिहायला सांगायचे म्हटले की ही मुले गप्प होतात, आणि त्या गप्प बसण्यापायी कितीतरी अर्ज भरायचे राहून जातात. त्या मुलांसाठी मी हे लिहीत आहे, आणि काही अंशी माझ्या सहकाऱ्यांसाठीही.

ही भीड येते कुठून, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. मुले लाजाळू आहेत असे म्हणून तो प्रश्न सुटत नाही, कारण हीच मुले दशावताराच्या नाटकात रात्रभर उभी राहतात आणि गणपतीत फुगड्या-भजने गाजवतात. मला वाटते, तिची मुळे कोकणाच्या चाकरमानी इतिहासात आहेत. आमच्याकडच्या घराघरांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्या काळी गिरणीत चिकटायचे तर कामगार भरती करणाऱ्या मुकादमाची, म्हणजे जॉबरची, मर्जी लागे, आणि जॉबरपर्यंत पोचायचे तर गावचे, वाडीचे, नात्यातले कोणीतरी आधी तिथे असावे लागे. मुंबईला निघालेल्या पोराच्या खिशात कोणाच्या तरी नावाची चिठ्ठी असे. उतरायचे गावकीच्या खोलीत, जेवायचे खाणावळीत आणि ज्याच्या शब्दावर काम मिळाले त्याचा शब्द आयुष्यभर खाली पडू द्यायचा नाही, अशी ती रीत होती. त्या चिठ्ठीत पोराला काय येते हे क्वचितच लिहिलेले असे. तो कोणाचा कोण, हेच सांगायचे असे. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, खोल्या विकल्या गेल्या. पण चिठ्ठी म्हणजे उपकार आणि उपकार म्हणजे ओझे, ही समजूत घरात राहिली. आजही गावात नवा चेहरा दिसला की म्हातारी माणसे पहिला प्रश्न विचारतात, "तू कोणाचा चेडू गो?" हा प्रश्न मायेने विचारलेला असतो आणि मला तो आवडतो. मात्र त्याच प्रश्नाच्या सावलीत वाढलेल्या मुलीला शिक्षकाकडे पत्र मागणे हे हात पसरण्यासारखे वाटले, तर त्यात तिचा दोष नाही.

म्हणून सर्वांत आधी हे सांगायला हवे की शिक्षकाने लिहिलेले शिफारसपत्र त्या जुन्या चिठ्ठीच्या जातीचे नाही. त्या पत्रात तुमचे घराणे, गाव, कोणाशी कसली ओळख, यांतले काहीच कोणाला नको असते. वाचणाऱ्या माणसाला एवढेच जाणून घ्यायचे असते की ज्या व्यक्तीने या विद्यार्थ्याला काम करताना पाहिले आहे, तिला काय दिसले. तुम्ही तीन वर्षे आमच्यासमोर बसलात, आमच्याबरोबर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, आणि खाडीत हिंडलात, आमच्या देखत प्रयोग फसवलेत आणि पुन्हा केलेत. ते पाहणे हे आमचे काम होते, आणि जे पाहिले ते विचारल्यावर सांगणे हाही त्याच कामाचा भाग आहे. उत्तरपत्रिका तपासल्याबद्दल कोणी शिक्षकाच्या घरी पेटी घेऊन जात नाही. पत्राबद्दलही जाऊ नये. एप्रिल-मे महिन्यात घरच्या हापूसची पेटी घेऊन वडील येतात, तेव्हा त्यांना ती परत घेऊन जायला सांगताना मला फार अवघड होते, कारण त्यामागची भावना निर्मळ असते. तरी मी ती परत पाठवते, कारण पेटी ठेवून घेतली तर ते पत्र पुन्हा त्या जुन्या चिठ्ठीसारखे होऊन जाईल.

वडिलांनी येऊ नये, हेही याच अनुषंगाने सांगते. पत्र ज्याला हवे त्याने स्वतः यावे. अडखळत बोलले तरी चालेल. "मला अमुक ठिकाणी अर्ज करायचा आहे, तुम्ही माझ्याविषयी लिहाल का," एवढे एक वाक्य पुरेसे आहे, आणि ते मालवणीत म्हटले तरी माझ्या लेखी त्याचे वजन कमी होत नाही.

पुष्कळ मुलांचा आणखी एक घोटाळा होतो, तो कार्यालयातल्या दाखल्यांशी. बोनाफाईड, वर्तणुकीचा दाखला आणि शिफारसपत्र ही तीन कागदे त्यांना एकाच खिडकीवर मिळतील असे वाटते. पहिल्या दोन कागदांचा मजकूर छापील असतो; नाव आणि वर्ष तेवढे भरायचे. "माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे" हे वाक्य शेकडो दाखल्यांवर अक्षरही न बदलता येते, आणि त्या कागदाचा उपयोग तेवढाच आहे. हाच मजकूर इंग्रजीत फिरवून शिफारसपत्र म्हणून पाठवला तर निवडणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. भारतातल्या तीन विज्ञान अकादम्या, म्हणजे बंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना देशभरातल्या प्रयोगशाळांत दोन महिने काम करण्यासाठी शिष्यवृत्ती देत आल्या आहेत. तिच्या अर्जाची मुदत साधारण नोव्हेंबरच्या अखेरीस असते आणि अर्जाबरोबर शिक्षकाचे पत्र लागते. बी.एस्सी.च्या मुलाला मोठ्या संस्थेचा दरवाजा उघडून देणारी अशी दुसरी सोय मला माहीत नाही, आणि तरीही आमच्याकडून तिच्यासाठी फार थोडे अर्ज जातात. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशाला बहुधा तीन पत्रे मागतात आणि त्यांच्या तारखा डिसेंबरात येतात. तिथे पत्र तुमच्या हाती द्यायचे नसते. तुम्ही अर्जात शिक्षकाचा ईमेल पत्ता भरता, त्या पत्त्यावर दुवा येतो आणि शिक्षक तिथे पत्र चढवतो. अनेक विद्यापीठे खासगी जीमेलपेक्षा संस्थेच्या नावाचा पत्ता पसंत करतात, त्यामुळे ज्या शिक्षकांनी असा पत्ता अजून घेतलेला नाही त्यांनी तो मुलांसाठी तरी घ्यावा. तिथल्या 1974 च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्याविषयीची शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे, आणि अर्जात तो हक्क पत्रापुरता सोडता का, असे विचारलेले असते. मुले घाबरून विचारायला येतात की कशावर खूण करू. मी हक्क सोडायला सांगते, कारण विद्यार्थी वाचणार नाही असे ठाऊक असलेल्या पत्रावर वाचणारा अधिक विश्वास ठेवतो. मात्र जिच्यावर पूर्ण भरवसा आहे अशाच व्यक्तीकडे पत्र मागितले असेल तरच ही खूण निर्धास्तपणे करता येते.

पत्र कोणाकडे मागायचे, हा प्रश्न त्यामुळे सर्वांत महत्त्वाचा ठरतो. इथे आमच्या मुलांचा कौल हमखास मोठ्या पदाकडे जातो. प्राचार्यांचे पत्र, विभागप्रमुखांचे पत्र, आणि काही घरांतून तर जिल्ह्यातल्या पुढाऱ्याचे लेटरहेडही आणले जाते. मी स्पष्ट सांगते की पुढाऱ्याचे पत्र अर्जाला जोडू नका. ज्याने तुम्हाला सूक्ष्मदर्शकापाशी बसलेले कधी पाहिले नाही, त्याने तुम्हाला संशोधनासाठी योग्य ठरवावे यावर कोणी का विश्वास ठेवावा? प्राचार्यांच्या बाबतीतही हेच आहे. ते तुम्हाला शिकवत असतील तर जरूर त्यांच्याकडे जा. शिकवत नसतील तर त्यांच्या सहीपेक्षा तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या ज्या तरुण सरांनी तुमचा प्रकल्प शेवटपर्यंत सांभाळला, त्यांची सही अधिक बोलकी ठरेल. आमच्याकडे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना मुले या कामासाठी धरतच नाहीत, कारण त्यांचे पद कच्चे असते. माझ्या मते ही मुलांची फार मोठी हानी आहे. प्रयोगशाळेत सर्वांत जास्त वेळ मुलांबरोबर तेच असतात.

आता माझ्या सहकाऱ्यांकडे वळते, कारण मुलांनी विचारण्याचे धैर्य केले तरी पुढे जे घडते ते पुष्कळदा चांगले नसते. "मसुदा तूच लिहून आण, मी सही करतो," हे वाक्य आपल्या महाविद्यालयांत इतके रुळले आहे की त्यात काही वावगे आहे असेही कोणाला वाटत नाही. त्यामागच्या अडचणी मला ठाऊक आहेत. वर्गात शंभराहून अधिक मुले असतात, महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनाची फाइल, निवडणुकीचे काम, परीक्षेचे पर्यवेक्षण हे सगळे त्याच हातांनी करायचे असते, आणि इंग्रजीत दोन पाने लिहायची म्हणजे आपल्यातल्या अनेकांना, ज्यांचे सगळे शिक्षण मराठीत झाले त्यांना, मनातून धास्ती वाटते. ही धास्ती खरी आहे आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. पण तिच्यापायी जे होते ते असे: एकवीस वर्षांची मुलगी रात्री मोबाइलवर नमुन्याची पत्रे शोधते, त्यांतली सर्वांत भारी विशेषणे उचलते, स्वतःविषयी तृतीयपुरुषी स्तुती लिहिते आणि सकाळी ती आपल्या हाती देते. ती तिच्याविषयी असे काहीच लिहू शकत नाही जे फक्त आपल्याला दिसले होते, कारण माणसाला स्वतःकडे पाठीमागून पाहता येत नाही. शिवाय त्या पत्रातून ती एक गोष्ट शिकते, ती म्हणजे सही आणि मजकूर यांचा एकमेकांशी संबंध असण्याची गरज नाही. संशोधनाच्या वाटेवर पहिले पाऊल टाकणाऱ्या मुलीला आपण हे शिकवावे का?

इंग्रजीची अडचण सोडवता येते. मी आधी मराठीत लिहिते. मुलीने काय केले, केव्हा केले, मला ते का लक्षात राहिले, हे सरळ वाक्यांत कागदावर उतरवते आणि मग ते साध्या इंग्रजीत नेते. इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्याला एकदा वाचायला देते. अलंकारिक इंग्रजीची कोणाला अपेक्षा नसते. अर्ज वाचणारेही जगाच्या कानाकोपऱ्यातले असतात आणि त्यांच्यापैकी अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते.

पत्रात काय लिहावे हे सांगण्यापेक्षा एक उदाहरण देते. कर्ली खाडीच्या काठी कांदळवनाची पाहणी करण्यासाठी आम्ही तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन जातो. वेळापत्रकात शनिवारची सकाळ मोकळी असते, म्हणून सहल शनिवारी अकराला ठरते, तशी त्या वर्षीही ठरली होती. रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासेमारी करणाऱ्यांच्या, घरातली एक मुलगी, जी वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि तोंडी परीक्षेत हमखास अडखळायची, ती तास संपल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, "मॅडम, शनिवारी पुनव आसा. अकराक गेलो तर पाणी भरलेला आसतला." मी तिला अधिक विचारले तेव्हा तिने समजावून सांगितले की पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारच्या आधी-मागे पुरी होते, त्या वेळी चिखल दिसणार नाही आणि तिवराच्या झाडाची चिखलातून वर येणारी श्वसनमुळे पाण्याखाली असतील, तेच चारच्या पुढे गेलो तर उधाणाची ओहोटीही खोल जाते आणि काठ पुष्कळ लांबपर्यंत उघडा मिळतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, दुपारी ओहोटी मिळाली असती, पण पाणी इतके मागे गेले नसते. भरती-ओहोटीचा धडा वर्गात मीच शिकवला होता, चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणाची आकृतीही फळ्यावर काढली होती. त्या आकृतीला आमच्या शनिवारच्या सहलीशी जोडले ते तिने.

सहल दुपारी चारला नेली. लांबच्या गावांतल्या मुलींची शेवटची एसटी चुकणार हे तिच्याच आधी लक्षात आले आणि त्यांची रात्रीची सोय तिने आपल्या घरी केली. खाडीत एक मीटरच्या चौकटी टाकून त्यांतली श्वसनमुळे मोजायची होती. एका गटाचा आकडा इतरांपेक्षा बराच मोठा आला. बाकीच्यांनी तो तसाच वहीत उतरवला. ही मुलगी गुडघाभर चिखलातून परत त्या चौकटीपाशी गेली आणि तिने शोधून काढले की पाने झडलेली तिवराची कोवळी रोपेही मुळांत मोजली गेली होती. तिने फरक कसा ओळखायचा ते त्या गटाला दाखवले, चौकट पुन्हा मोजली आणि जुना आकडा न खोडता शेजारी नवा आकडा कारणासह लिहिला.

पुढे तिने पत्र मागितले तेव्हा मला विशेषणे शोधावी लागली नाहीत. तिथीवरून पाण्याची वेळ सांगणे, एसटीचा विचार करणे, आकडा पटला नाही म्हणून परत जाणे आणि जुना आकडा खोडून न टाकणे, एवढेच मी लिहिले, आणि शेवटी जोडले की तोंडी परीक्षेत ती अडखळते, तिला बोलायला वेळ द्यावा लागतो, आणि वेळ दिला तर ती नेमके बोलते. हे शेवटचे वाक्य लिहू नका असे मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले होते. मला ते आवश्यक वाटले. मुलाखतीला बसलेल्या माणसाला ते वाचून ती अडखळली तेव्हा आणखी अर्धा मिनिट थांबावेसे वाटले असेल, तर माझ्या पत्राने त्याचे काम केले.

उणीव लिहिल्याने पत्र दुबळे होते, ही समजूत बरोबर नाही. 1911 साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठात आइन्स्टाइन यांना प्राध्यापकपद द्यावे का, याविषयी फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वाँकारे आणि मारी क्युरी यांच्याकडून मते मागवली होती. प्वाँकारे यांनी आइन्स्टाइन यांची बुद्धी अत्यंत स्वतंत्र असल्याचे लिहिले, आणि त्याच पत्रात हेही लिहिले की ते सर्व दिशांनी शोध घेत असल्यामुळे त्यांच्या बहुतेक वाटा पुढे बंद होतील असेच धरून चालावे. मात्र त्यांतली एखादी जरी खरी निघाली तरी तेवढे पुरे आहे. पुढच्या वर्षी आइन्स्टाइन झुरिकला रुजू झाले. एवढ्या थोर माणसाविषयी लिहितानाही लिहिणाऱ्याने आपली शंका लपवली नाही, आणि त्यामुळेच त्याची स्तुती विश्वासार्ह झाली. आपल्या पत्रांत मात्र प्रत्येक विद्यार्थी वर्गातला सर्वोत्तम असतो. एकाच वर्षी एकाच शिक्षकाने तीन मुलांना 'सर्वोत्तम' म्हटल्याचे एखाद्या निवड समितीच्या ध्यानात आले, की त्या शिक्षकाच्या चौथ्या विद्यार्थ्याचे पत्र कोणी मन लावून वाचत नाही.

मुलींच्या पत्रांविषयी वेगळे लिहावेसे वाटते. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोन संशोधक स्त्रियांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक म्हणून निवडल्या गेलेल्या उमेदवारांची तीनशेहून अधिक शिफारसपत्रे त्यांनी तपासली. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रे सरासरीने आखूड होती, त्यांत कष्टाळूपणाचे आणि शिकवण्याचे उल्लेख अधिक होते, तर पुरुषांच्या पत्रांत संशोधनाचे आणि कर्तृत्वाचे. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की या सर्व स्त्रिया निवडल्या गेलेल्या होत्या, म्हणजे योग्यतेत कमी नव्हत्या. हे वाचल्यावर मी आमच्याकडे लिहिल्या जाणाऱ्या पत्रांकडे नव्या नजरेने पाहू लागले. मुलगी असली की 'नम्र', 'आज्ञाधारक', 'कष्टाळू', 'सुसंस्कृत' हे शब्द आपोआप येतात. मुलगा असला की 'हुशार', 'कल्पक', 'नेतृत्वगुण असलेला'. नम्र असणे चांगलेच आहे. पण कांदळवनात उभे राहून एका आकड्यावर शंका घेणाऱ्या मुलीचे वर्णन 'आज्ञाधारक' या शब्दात करायचे, म्हणजे तिचा सर्वांत मोठा गुण पुसून टाकायचा. पत्र लिहून झाले की मी नावाच्या जागी मुलाचे नाव घालून ते एकदा मनात वाचते. एखादे विशेषण त्या नावापुढे खटकले, तर ते मुलीच्या पत्रातूनही काढते.

बाहेरून पाहून माणसाविषयी ठरवले तर काय होते, याचे एक उदाहरण याच किनाऱ्यावरचे आहे. 1858 साली खेड तालुक्यातल्या शेरवलीत जन्मलेले आणि दापोलीजवळच्या मुरुडला वाढलेले धोंडो केशव कर्वे किशोरवयात परीक्षा देण्यासाठी कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेले, आणि तिथे अंगकाठी लहान दिसते, वय पुरे वाटत नाही, म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. समितीपुढे उभा असलेला मुलगा कोणत्या वाटेने, किती हट्टाने तिथवर आला होता, हे तिला दिसण्यासारखे नव्हते. अशा प्रसंगी कागदावर कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहिलेली हकिकत असावी, यासाठीच हे पत्र असते. आजही आमच्या मुलीचा अर्ज एखाद्या समितीपुढे जातो तेव्हा तिथे दिसते ते एका लहान गावातल्या अपरिचित महाविद्यालयाचे नाव. बाकी सगळे सांगणारे कोणीतरी लागते.

मुलांनी मागायचे कसे, तेही सांगते. निदान महिनाभर आधी या. पत्राला दोन तास लागतात हे खरे, पण आठवायला दिवस लागतात, आणि आठवण्याच्या कामात तुम्ही मदत करू शकता. ज्या संस्थेत अर्ज करणार तिचे नाव, शेवटची तारीख आणि तुम्हाला तिथेच का जायचे आहे हे एका पानावर लिहून आणा. मराठीत लिहिलेत तर उत्तम, कारण तेव्हा तुम्ही उसनी वाक्ये लिहीत नाही. प्रकल्पाची वही आणा, खाडाखोड असलेली तीच आणा, स्वच्छ करून लिहिलेली नको. माझ्याबरोबर केलेल्या कामांपैकी तुम्हाला काय लक्षात राहिले ते लिहा. यात आपली फुशारकी होते असे मुलांना वाटते, विशेषतः मुलींना. जे घडले ते सांगणे म्हणजे फुशारकी नाही. मसुदा आणि टिपण यांतला फरक मात्र जपा. तुम्ही टिपण द्यायचे, मत आम्ही द्यायचे. शेवटची तारीख जवळ आली आणि पत्र गेलेले नसेल तर पुन्हा येऊन आठवण करा. त्याने कोणाचा अपमान होत नाही. कामाच्या गर्दीत आमच्याकडून राहून जाऊ शकते आणि आठवण करून देणारा विद्यार्थी मला उलट जबाबदार वाटतो.

आणि शिक्षकाने 'नाही' म्हटले तर? ते ऐकायला कठीण असते, पण तो नकार पुष्कळदा तुमच्या हिताचा असतो. ज्या मुलाला मी फक्त हजेरीच्या यादीत पाहिले आहे त्याच्यासाठी मी लिहिले तर ते पत्र वर्तणुकीच्या दाखल्यासारखे होईल, आणि कोमट पत्र हे नसलेल्या पत्रापेक्षा अधिक नुकसान करते. अशा वेळी मी त्याला बसवून घेते, तीन वर्षांत कोणत्या विषयात त्याने मन घातले ते विचारते आणि त्या शिक्षकांकडे पाठवते. कधी असे कोणीच निघत नाही. मग दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी आवर्जून सांगते की आत्तापासून एखाद्या शिक्षकाबरोबर एक लहानसे काम हाती घ्या. सड्यावर पावसाळ्यात फुलणाऱ्या वनस्पतींची नोंद ठेवा, घरच्या कलमांवरच्या तुडतुड्यांची मोजणी करा, खाडीच्या पाण्याची क्षारता दर पंधरवड्याला मोजा. पत्रासाठी म्हणून हे करू नका. पण असे काम केलेल्या मुलाला पत्र मागताना काय बोलावे हा प्रश्न पडत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही काय लिहावे हा प्रश्न पडत नाही.

निकाल लागल्यावर तो येऊन सांगा, ही माझी शेवटची विनंती. निवड झाली की मुले पेढे घेऊन येतात. झाली नाही की तोंड चुकवतात, बाजारात समोर आलो तर रस्ता ओलांडून पलीकडे जातात, जणू त्यांनी माझा शब्द वाया घालवला. तो शब्द वाया गेलेला नसतो. पत्राची प्रत माझ्या संगणकावर जपून ठेवलेली असते, आणि पुढच्या वर्षी त्याच मुलीने पुन्हा अर्ज केला तर मधल्या वर्षात तिने काय केले तेवढे मला विचारून घ्यावे लागते. त्या वर्षात तिने घरी बसून वडिलांना मासळीचा हिशेब ठेवायला मदत केली असेल, तर तेही सांगावे. कोणत्या महिन्यात जाळ्यात काय आले आणि काय आले नाही याची तारीखवार वही तिच्याकडे असेल, तर ती घेऊन यावी. त्या वहीपासून मी नवे पत्र सुरू करीन.